अमोलचा मॉनिटर

९ फेब्रुवारी २०२५, रविवार
सकाळी खापरखेड्याहून बसने नागपूरला आलो. धाकट्या भावाच्या, अमोलच्या खोलीत सामान लावलं. उद्यापासून बुटीबोरीला नवी नोकरी. खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. खिडकीतून रस्ता दिसतो. पूर्वी मी इथे आलो की अमोल खाली गाडी काढून दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मी वरून ‘आलो’ म्हणायचो. घरमालकीण पार्वतीबाईंनी तर्री-पोहे दिले. भाऊ गेला तरी खोली आपलीच समजा, म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं. बरं वाटलं.

वीस तारखेला अमोलला जाऊन महिना होईल. गाडीच्या अपघातात त्याचा मोबाइलही फुटला. आईला त्याचा हसरा फोटो हवा आहे, तो खोलीतल्या त्याच्या कॉम्प्युटरमध्येच असणार. सुरू करून पाहिला. पंखा फिरतो, मॉनिटर काळा.

११ फेब्रुवारी
दोन्ही वायरी काढून पुन्हा घट्ट लावल्या. मॉनिटरचा दिवा निळा, पडदा काळाच. नम लॉक दाबलं की कीबोर्डवरचा दिवा लागतो, विझतो. म्हणजे मशीन जिवंत आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुरुस्तीवाले विश्वनाथ आले. रॅम काढून खोडरबराने घासली, वायर बदलली. माझ्याकडे पाहून म्हणाले, नागपुरातले अर्धे कॉम्प्युटर खोडरबरावरच चालून राहिले. हा चालला नाही. मग त्यांनी खिडकी लावून पडद्यावर तिरका टॉर्च धरला. आत पुसट चित्र दिसलं. चित्र येतं, मागचा उजेड तेवढा गेला आहे. दुसरा मॉनिटर गुरुवारी आणतो म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी टॉर्च धरून फोटो शोधला. अमोल गाडीवर बसून हसतो आहे. पेन ड्राइव्हमध्ये घेतला. आईचं काम झालं.

फोटो बंद केला तर मागे नोटपॅड उघडं होतं. मी उघडलं नव्हतं. एकच ओळ.

‘दादा, तू येतो म्हनला होता.’

‘म्हनला’ असंच तो लिहायचा. जुनं काही असेल. बंद केलं.

१७ फेब्रुवारी
कामावरून आल्यावर पुन्हा टॉर्च धरला. ओळीखाली दुसरी ओळ.

‘काहून नाई आला?’

पार्वतीबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “घाटावरून निघताना ‘येतो’ म्हनला काय गा तू?”

म्हणालो होतो. आमच्या घरात ‘जातो’ कोणी म्हणत नाही. तीच सवय. चितेकडे पाहून म्हणालो, येतो गा अमोल. घाटावरून मुकाट्याने निघायचं असतं, हे मलाही माहीत होतं.

पार्वतीबाई म्हणाल्या, महिना भरायच्या आत खोली सोड. निघताना बोलू नको, मागे पाहू नको, हाक आली तर ओ देऊ नको.

१८ फेब्रुवारी
मॉनिटरची वायर भिंतीतून काढली. दिवा विझला. तरी टॉर्च धरला—

‘गुरुवारी येतो घ्याले.’

१९ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. पार्वतीबाई लेकीकडे कामठीला गेल्या. जाताना मलाही चल म्हणाल्या. आईसाठी काढलेला अमोलचा फोटो फ्रेमवाल्याकडे होता, तो उद्या सकाळी मिळणार, म्हणून थांबलो. थांबायला नको होतं.

टॉर्चचे सेल काढून फेकले.

नम लॉकचा दिवा लागतो, विझतो. मी लांब बसलो आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळचे दहा. फ्रेम आणली. पिशवीत ठेवली. साडेदहाची बस.

विश्वनाथांना फोन केला, येऊ नका.

आता पडदा टॉर्चशिवाय दिसतो. फोटो उघडा आहे. अमोल हसतो आहे. गाडीवर तो पुढे सरकून बसला आहे. मागे जागा केली आहे—

पाहायचं नाही. बोलायचं नाही.

खिडकी लावली. गॅस बंद केला. चपला घातल्या. कुलूप हातात

खाली हॉर्न. दोनदा.

तोंड दाबून धरलं आहे. एका हाताने लिहितो—

पुन्हा दोनदा.

कुलूप लावतो आणि

आलो गा, आ—