महिन्यातून एकदा दाबायचं बटण

मी, टोबिन लिंडक्विस्ट, वय बावीस, राहणार केटल बेंड, वॉशिंग्टन राज्य, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे. परवा इथे स्पोकेनच्या दवाखान्यात छाती उघडणार आहेत. वाचेन का, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. म्हणून आजच लिहितो.

हे कागद माझी आई लोर्ना आणि टेसा हॉलब्रुक या दोघींनीच वाचावेत. टेसाची धाकटी बहीण विनी सावत्र बापाच्या घरातून बाहेर पडेपर्यंत तिसऱ्याच्या दृष्टीस पडू नयेत.

१. गॅरेजमधली यंत्रं, जी दिवसरात्र आकडेमोड करून मला डिजिटल नाणी मिळवून देत, ती आईला. त्यांच्या गरम हवेवर ती सफरचंदाच्या चकत्या वाळवते. तेवढा उपयोग तरी कुणी नाकारू नये. आवाजावरून शेजारच्या ओकरलंडबाईंनी तक्रार केली होती. त्यांना एक चकतीसुद्धा देऊ नये.

२. मासेमारीचे गळ वेंडेलमामाला. मामा भर जेवणात म्हणाला होता, "दिसत नाही, हातात येत नाही, त्याला पैसा म्हणतोस? लेका, कॉलेज सोडायला काहीतरी बरं कारण शोधायचंस!" मी ताट भिंतीवर मारलं. मामा, यातलं गणित मला आजही कळत नाही, हे खरं. पण कुठलंही सरकार, कुठलीही बँक, कुणाचाही बाप एक अक्षर खोडू शकणार नाही अशी वही जगभर पसरली आहे, हे ऐकून ज्याचं रक्त उसळत नाही तो नुसता जेवायला जन्मला आहे. हे मी मागे घेत नाही.

३. त्याच वहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, टेसानं मला लिहिलेली सगळी पत्रं मी कुलूपबंद करून ठेवली आहेत. सोबत आपोआप चालणारा एक करार आहे. महिन्यातून एकदा मी बटण दाबायचं. दाबलं नाही तर मी मेलो असं धरून पत्रं साऱ्या जगासमोर उघडतील. आमचं प्रेम कुणाला पुसता येऊ नये, एवढाच हेतू. कराराचा नमुना नेटवरून उचलला होता. त्यात रद्द करण्याचं कलम होतं, ते मी मुद्दाम काढून टाकलं. तिच्या वाढदिवसाला मोठ्या ऐटीत हे सगळं सांगितलं.

"टोबी, त्या पत्रांत गॅरेटबद्दल काय काय लिहिलंय, आठवतं ना?" गॅरेट तिचा सावत्र बाप.

"आठवतं की."

"मग काढून टाक."

"निघत नाही. मलासुद्धा नाही. तीच तर यातली मजा आहे!"

"मजा? विनी अजून त्याच्याच घरात झोपते, गाढवा!"

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी संबंध तोडले. काल दवाखान्यात आली. बटणाचं अंगठ्याएवढं यंत्र मी तिच्यापुढे धरलं.

"म्हणजे तू मरणार आणि मी जन्मभर हे दाबत बसणार? एकदा ताप आला, एकदा विसरले, की संपलं? तुझं कुलूप माझ्या गळ्यात बांधू नकोस."

जाताना तिनं माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. त्याचा अर्थ लावत मी रात्र काढली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

४. माझी नाणी. मरेपर्यंत विकायची नाहीत, अशी आम्हा लोकांत शपथ असते. आज सकाळी विकली. आलेले सगळे पैसे आणि माझा पिकअप ट्रक टेसाला. या हिवाळ्यात विनी अठराची होईल. मग गॅरेटला तिला अडवता येणार नाही. बर्फाचे टायर मागच्या शेडमध्ये आहेत. ड्रायव्हरचं दार जरा उचलून ओढावं लागतं.

५. बटणाचं यंत्र आईकडे. आई म्हणाली, "जिनं तुला रडवलं, तिच्यासाठी मी दाबू?" आई, रडवलं मी. आणि हो, तिच्यासाठीच. "आणि मी गेल्यावर कोण?" हा प्रश्नही तिचाच, तो इथे तसाच लिहून ठेवतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आलीस की आधी बटण दाब. पत्रं तू वाचू नकोस. दोघी बहिणी लांब पोचल्या की टेसा तुला फोन करील. कुठून, ते विचारू नकोस. पत्रं बंद ठेवायची की उघडू द्यायची, हे त्या दोघी ठरवतील. तू नाही, मीही नाही. दाब म्हणाल्या, तर हात चालतो आहे तोवर दाब. थांब म्हणाल्या, तर त्या रविवारी घरी ये, कोट काढ, आणि नुसती कॉफी पी.

माझं म्हणणं इथे संपलं. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही; मी शुद्धीत सही करताना त्यांनी पाहिलं आहे.

सही: टोबिन लिंडक्विस्ट
साक्षीदार: ऑडेट वॉकर, परिचारिका
साक्षीदार: हार्लन बीस्ली, शेजारच्या खाटेवरचे रुग्ण
स्पोकेन, ९ नोव्हेंबर २०२३