सातव्या पेटीतली चौकट

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. सगळ्या मधपेट्या जाळून जागा मोकळी करायची, असं तू तिकडे बसून ठरवलंस. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनीच. ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळतं का? मी जाळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील.

वसंतात मी खरंच घाबरले होते. वाटीभर माश्या बरणीत घेऊन वर पिठीसाखर टाकली, बरणी हलवली आणि जाळीच्या झाकणातून साखर ताटात झाडली, तर तिच्यात बत्तीस माइट वळवळत होते. मोहरीहून लहान, तांबूस, माशीच्या अंगाला चिकटून तिला पोखरणारे. नव्या माश्या जन्मायच्या त्याच चुरगळलेल्या पंखांनी. बाबा त्यांना जमिनीवर सरपटताना बघायचे आणि न जेवता उठायचे. मग मीच म्हणाले, आता हे माझ्याकडे द्या. माइट नरमाश्यांच्या कोषांत जास्त वाढतात, म्हणून मी दर तीन आठवड्यांनी ते कोष कापून काढले. औषधाच्या पट्ट्या वेळेवर लावल्या, वेळेवर काढल्या. डंख किती खाल्ले ते विचारू नकोस. नाकावर माशी बसू न देणाऱ्या तुझ्या बहिणीचं नाक आठवडाभर बटाट्याएवढं होतं. चार पेट्या गेल्या, नऊ जगल्या. परवाच्या बरणीत फक्त दोन माइट निघाले.

बाबा अजून म्हणतात, कीड वाऱ्यावरून आली. मी मान डोलावते.

पण दादा, तू विकत आणलेल्या त्या जुन्या पेटीतली, पिल्लांनी भरलेल्या पोळ्याची चौकट सातव्या पेटीत तूच ठेवली होतीस. सातवी अशक्त दिसली, तुला दया आली, आणि न तपासता भरलेली चौकट तिला दिलीस. तिथूनच माइट सगळीकडे पसरले. चौकटीवर तुझ्या अक्षरात तारीख आहे. तू गेल्यावर आठवड्याने ती माझ्या हाती लागली. मी चिडले, रडले आणि ती बाबांच्या नजरेस पडू दिली नाही. कीड पडल्याचं कळल्यापासून तू फोनवर माश्यांचं नाव काढत नाहीस, आणि आता जाळायची ही घाई.

तुझी चूक झाकायला मी जिवंत माश्या जाळणार नाही. पेट्या जाळायला संमती म्हणून तू पत्रासोबत पाठवलेला कागद सही न करता परत करतेय. बाबांना खरं सांगायचं काम तुझं आहे, ते मी करणार नाही. रविवारी सगळ्या पेट्या उघडायच्या आहेत. तुझी जाळीची टोपी धुऊन ठेवलीय.

तुझीच,
हट्टी बहीण