एक लिटर दुधाचं इंग्रजी

अण्णा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि तुमच्यावर रागावण्याचं माझं काम अजून संपलेलं नाही. आज राग नव्याने आला तो पाण्याच्या टँकरमुळे, पण आधी दुधाचं बोलू.

शिंदे की छावनी मोहल्ल्यातलं आपलं स्वयंपाकघर. एक लिटर दूध तापलं की तुम्ही आंघोळ करून, जानवं सावरत पाटावर येऊन बसता आणि पितळी पळी हातात घेता. ती पळी आईच्या हातात तुम्ही कधी दिली नाहीत. पुरवठा कार्यालयातले मोठे बाबू घरीसुद्धा पुरवठा कार्यालयच चालवायचे. दादाला ‘प्रायॉरिटी’, कारण तो मुलगा. तुम्हाला ‘कोटा’, तो ठरलेला, त्यावर चर्चा नाही. मला ‘अलॉटमेंट’, म्हणजे अर्धा पेला. आणि आईला ‘बॅलन्स’. बॅलन्स म्हणजे पातेल्याला चिकटलेलं काय ते. त्यात ती पाणी घालून खळबळायची आणि त्याचा चहा करायची. घरात आपण मराठी बोलायचो, बाहेर हिंदी. इंग्रजी तुम्ही फक्त नाही म्हणायला वापरायचात.

आईचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला रोज पेलाभर दूध सांगितलं. आठवडाभर ती तरी पातेलंच खळबळत राहिली. मग एका सकाळी चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, “अहो, ते डॉक्टर म्हणत होते ना दुधाचं. जमत असेल तर देखून घ्या.” तुम्ही पळी न थांबवता म्हणालात, “अंडर कन्सिडरेशन आहे.” मी माझा अर्धा पेला तिच्याकडे सरकवला, तर माझ्यावर डाफरलात, “अलॉटमेंट ट्रान्सफर होत नाही! चुपचाप पियो.” मी प्यायले. ते दूध गोड लागलं, हेही लिहून टाकते. तुमचं कन्सिडरेशन पुढे कधी संपलं नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, तोही इंग्रजीतून.

अकराव्या वाढदिवसाला तुम्ही मला जाडजूड शब्दकोश दिलात आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या शब्दांवर खुणा करून धडा घेतलात. रेशन म्हणजे टंचाईत माणशी ठरवून दिलेलं माप. अलॉट म्हणजे वरच्याने नेमून दिलेलं. अपोर्शन म्हणजे ज्याच्या त्याच्या प्रमाणात. डोल म्हणजे उपकार केल्यासारखं थोडं थोडं. तुमचे डोळे चमकत होते. वाटून द्यायला इतके शब्द, आणि दूध तेच एक लिटर! त्या सगळ्या शब्दांत ‘तू घे, मला नको’ असं म्हणणारा एकही नव्हता, आणि असता तरी तुम्ही त्याच्यावर खूण केली नसतीत.

एकदा तुमचा डबा द्यायला मी बाड्याच्या चौकाजवळच्या तुमच्या कार्यालयात आले होते. घासलेटसाठी एक बाई कार्ड घेऊन उभी होती. “साहब, घर में एक बूंद नहीं है.” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “दिस मंथ्स कोटा इज एग्झॉस्टेड.” तिने हात जोडले आणि काही न विचारता निघून गेली. हिंदीत सांगितलं असतंत तर ती भांडली असती. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं, भित्रे होतात तुम्ही. आणि मला, मूर्ख पोरीला, केवढा अभिमान वाटला होता! वर्गात सगळ्यांना सांगितलं, आमचे अण्णा फाडफाड इंग्रजी बोलतात.

तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने काठोकाठ पेला भरून दूध घेतलं. तिला ते पचलं नाही. तीन दिवस पोट बिघडलं. “सवय नाही ना राहिली,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पातेलं खळबळायला लागली. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

आता टँकर. सिटी सेंटरपलीकडच्या आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही नावाला. टँकर मागवावा लागतो. वाटपाची यादी माझ्याकडे, कारण मी निवृत्त मास्तरीण, इंग्रजीची. वरच्या मजल्यावर एक म्हातारी भाड्याने राहते, एकटी. काल ती बादली घेऊन आली. “बेटी, दो बाल्टी मिल जातीं.” भाडेकरूंचं नाव यादीत नाही, आणि हे तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. तर अण्णा, माझ्या तोंडून काय निघावं? “आंटी, अलॉटमेंट ओनर्स का है. बॅलन्स रहा तो देखते हैं.”

ती तुमच्या त्या बाईसारखी गेली नाही. उभीच राहिली. म्हणाली, “हमें अंग्रेजी नहीं आती बेटी. पानी है कि नहीं, इतना बता दो.”

मी यादीत बघत राहिले. टँकर रिकामा झाल्यावर तळाचं गढूळ पाणी तिच्या बादलीत पडलं, अर्धी बादली. ती तेवढी घेऊन जिना चढली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, शब्दकोशातच ठेवीन. एवढं लिहायला मला सकाळचा एक तास लागला. तेवढ्यात दोन बादल्या वर नेऊन झाल्या असत्या. माझं पिंप भरलेलं आहे, अण्णा. मी अजून उठलेले नाही.