चौकटीतल्या दोघी जावा

१२ फेब्रुवारी १९९०
श्रीलंकेतली फौज मार्चअखेर पूर्ण माघारी. दिल्लीची बातमी दुपारी. सैनिक कचेरीतल्या क्लार्कने फोनवर दुजोरा दिला. संपादकांना गावाकडची बाजू हवी. "ठेवावी, आणावी, दोन्ही मतं. चौकट करा, फोटोसह."

१४ फेब्रु.
हातकणंगल्याजवळचं गाव. दोन्ही मतं एकाच अंगणात मिळाली. थोरली जाऊ अक्काताई. मुलगा संभाजी गेल्या वर्षी जाफन्यात मारला गेला. धाकटी हौसाबाई; तिचा तानाजी अजून त्रिंकोमालीला.
हौसाबाई : "परक्याच्या भांडणात आमची पोरं कशाला? आणा की परत."
अक्काताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता, "ऱ्हाऊ दे फौज. माझा मेला तवा कोण न्हाय म्हणालं, परत आणा."
"अक्का, तानाजी तुमचा बी हाय."
"व्हय. म्हणून तर म्हणते."
म्हणजे काय, ते विचारलं नाही. मजकुराला पुरेसं होतं.

१६ फेब्रु.
चौकट लागली. फोटो उलटे. हौसाबाईंखाली 'शहीद जवानाची आई', अक्काताईंखाली 'आघाडीवरच्या जवानाची आई'. पान लावणारा म्हणतो, "दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींचं तोंड पडलेलं. मी काय वळखणार?" दोन ओळींची दुरुस्ती उद्या. (जाहिराती फार. उद्या नाही जमणार.)

१९ फेब्रु.
राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसवर हौसाबाई, नवऱ्यासह. पेपर वाचून माहेरची माणसं रडत दारात आली. तेव्हापासून घास उतरत नाही.
"माझा पोरगा जित्ता हाय, असं छापा."
संपादक : "फोटो चुकले, एवढं छापतो. जिवंत आहे, याला दुजोरा कोण देणार, बाई?"
आवाज मऊ होता. नियम बरोबरच आहे. बाई खुर्चीतून उठेनात. नवऱ्याने दंडाला धरून नेलं.

२१ फेब्रु.
अक्काताईंचा निरोप, म्हणून पुन्हा गावी. कात्रण खळ लावून भिंतीवर चिकटवलंय.
"दुरुस्ती छापू नगा, साहेब."
का?
"वर्सभर लोक दारावरनं खाली मान घालून जायची. काल एक पावणं आलं, वाचून इचारलं, बाई, कवा येतोय पोरगा? म्हटलं, येतोय की मार्चात." मग म्हणाल्या, "छापलंसा तर दुसऱ्यांदा मरंल."
हौसाबाई जेवत नाहीत, म्हणालो.
"न्हाय तर न्हाय. वर्सभर माझ्या गळ्यात पडून रडली, आन् आत जाऊन पोराच्या सुट्टीचं बोलायची. मधी एकच भिंत हाय. समदं ऐकू येतं."
परतीच्या एसटीत दुरुस्तीचा मजकूर लिहून काढला. दोन ओळीच होत्या, पण...

२३ फेब्रु.
दुरुस्ती गेली. पान सहा, तळाला.

२५ फेब्रु.
गावचा पेपरवाला सांगत होता, अक्काताईंनी तो अंक घेतलाच नाही. "पयलं छापलं त्येच खरं." हौसाबाईंनी चार घेतले. एक जावेच्या उंबऱ्यावर ठेवला, दुरुस्तीचं पान वर येईल असा. सकाळी तो चुलीत गेला. दोघींचं बोलणं बंद.

६ मार्च
तानाजीच्या पलटणीची एक तुकडी मद्रासला उतरली. त्यातले सुट्टीवाले गुरुवारी हातकणंगल्याला येतील. क्लार्ककडून पक्कं. त्रिंकोमालीहून निघताना गोळीबार झाल्याचं कानावर. त्याला दुजोरा नाही.
हौसाबाईंचा फोन, गावच्या सोसायटीच्या कचेरीतून. "अक्का आरतीचं ताट घासून बसलीया. म्हणती, पोरगा उतरला की पयलं मीच ओवाळणार, पेपरात माझाच हाय. तिला टेसनावर येऊ देऊ नगा, तुमच्या पाया पडते." हे काम आमचं नाही, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.
संपादकांनी फोटोग्राफर दिलाय. दोघी जाणार, हे नक्की. गाडी दुपारची. उतरणाऱ्यांची नावं अजून आलेली नाहीत.