पाण्याकडे पाठ

३ एप्रिल, सोमवार

या घराची खरी किंमत अशी: कमरेतला एक मणका, ऐन उमेदीतले सगळे रविवार, आणि बायको. मागच्या अंगणात पोहायचा तलाव असलेलं घर तिलाच हवं होतं, आणि ते मिळायच्या आधीच ती गेली. कागदावरचा आकडा त्यापुढे किरकोळ.

आज सामान आलं. खोल्या हवेशीर, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, नळ एकही गळत नाही. तलाव मात्र हिरवागार आणि गढूळ. पाण्यातली पहिली पायरीसुद्धा दिसत नाही. मला हसूच आलं. फुटपाथवर बसून पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करत वर आलेला माणूस मी, शेवाळाला काय भीक घालतोय! पंप सुरू केला, त्याच्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. ही माझी जुनी रीत. डोळे फसवतात, म्हणून मशीनकडे पाठ करून ऐकायचं. बेअरिंग कोरडं पडलं होतं. हे मी फोनवरूनसुद्धा सांगितलं असतं. माझ्या कानांतून काही सुटत नाही.

लेकीला फोन केला. आई गेल्यापासून ती माझ्याकडे राहायला आलेली नाही. रविवारी भिंगरीला घेऊन येते म्हणाली. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरेल तर शपथ. पाणी स्वच्छ असेल तरच हं बाबा, असंही बजावलं.

४ एप्रिल, मंगळवार

भिंती ब्रशने खसाखसा घासल्या, क्लोरीनचा दणका दिला, फिल्टर चालूच ठेवला. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. कुंपणावरून म्हणाल्या, शेठ, हातमोजे घाला, कातडी सोलून निघेल. मग जरा थांबून म्हणाल्या, तसं हिरवंच बरं होतं की. मी विचारलं, बेडूक पाळू का? बाई हसल्या नाहीत.

५ एप्रिल, बुधवार

हिरवं गेलं, दुधाळ आलं. हे मेलेलं शेवाळ. गाळ खाली बसवणारं औषध टाकलं आणि पंप बंद केला. आता पाण्याला हात लावायचा नाही.

नर्सबाईंनी आज सगळं सांगितलं. आधीच्या मालकांची धाकटी यातच बुडाली. आई काठावरच भाजी निवडत बसली होती. नंतर एकच घोकायची: मला तिचं खेळणं ऐकू येत होतं हो, म्हणून मान वर केली नाही. पुढे त्यांनी पाणी मुद्दाम हिरवं होऊ दिलं. तळ दिसू नये म्हणून.

बिचारी. मी बाईंना चहा पाजला आणि विषय बदलला.

६ एप्रिल, गुरुवार

दुपारी ओट्यापाशी भांडी विसळत होतो. मागून छपछप ऐकू आली. लहान तळव्यांची. बाहेर धावलो, तर पाणी स्थिर, साधा तरंगही नाही. पाइपात हवा असेल म्हणून सगळे जोड उघडून पाहिले. हवा नव्हती.

७ एप्रिल, शुक्रवार

गाळ खेचून बाहेर सोडला. पायऱ्या दिसल्या. तळाशी एक डाग आहे, कुशीवर निजलेल्या लेकराएवढा. ब्रशने जात नाही. क्लोरीननेही नाही. पाठ करून ऐकलं. छपछप, आणि बारीक हसणं. वळलो तर थांबलं.

८ एप्रिल, शनिवार

येऊ नकोस म्हणायला लेकीला फोन लावला. तीच आधी बोलली. भिंगरीने पोहायची लाल टोपी कालपासून डोक्यावरून काढलेली नाही, जेवतेसुद्धा टोपी घालूनच. सांगताना हसली. किती दिवसांनी हसली माझ्याशी. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

मी स्वतः बसेन काठावर. कान आहेत ना.

९ एप्रिल, रविवार सकाळ

डाग गेला! तळ लख्ख. भिंगरी वरच्या पायरीवर पाय हलवत बसलीय. बायकोने हे बघायला हवं होतं.

१० एप्रिल

काल काठावर लेक आईबद्दल बोलायला लागली. पहिल्यांदाच. रडली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी तिच्याकडे वळलो. पाण्याकडे पाठ—

मध्येच तिने विचारलं, भिंगरी? म्हटलं, तू रडून घे गं, माझे कान आहेत तिकडे. छपछप चालू होती. हसणंही. खरंच चालू होतं—

लेक म्हणते तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

१४ एप्रिल

लेक तिच्या घरी निघून गेली. नर्सबाई येऊन नुसत्या बसून राहिल्या.

पंप कायमचा बंद केला. होऊ दे हिरवं. लवकर होऊ दे.

डाग परत आलाय. शेजारी दुसरा. वरचा भाग लालसर—

बहुतेक १६

काठावर बसलोय. पाठ करून. छपछप आता दोघींची. एकीचं हसणं ओळखीचं. वळणार नाही. वळलो तर थांबेल, आणि मला ते—

सगळे विचारतात, किती लांब होतात. लांब कसला. हात मागे केला असता तरी टोपी लागली असती. एवढ्या जवळून ती पाण्यात गेली आणि मला काहीच ऐकू—