आईंबरोबर होई आन

३ फेब्रुवारी

सासूबाईंचा व्हिसा आला! कागद छापून हातात दिला, तर आधी देवापुढे नेऊन ठेवला. बहात्तराव्या वर्षी पहिला परदेश. "व्हिएतनाम नक्की कुठल्या बाजूला गं?" — आज चौथ्यांदा. नकाशा उघडून दिला. भोपाळवर बोट ठेवलं आणि हळूहळू समुद्रापर्यंत नेलं. मग तिथेच ठेवून बसल्या.

ऑफिसातली अमृता म्हणते, विमान धरूनही केरळपेक्षा स्वस्त पडतं. बरंच झालं.

आशिष जेवताना हळूच म्हणाला, "आईला तुम्ही परत आल्यावर सांगू." मी मान डोलावली.

४ फेब्रुवारी

इथल्याच अशोका गार्डन वस्तीत माझ्यापुरती खोली पाहिली. एक खिडकी, रुळांकडे उघडणारी. हो म्हणून आले. एक मार्चपासून.

लग्नाला एकोणीस वर्षं. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. बोलणंच संपलं. हे आईंना कोणत्या शब्दांत सांगायचं?

९ फेब्रुवारी, दा नांग

पहाटे पाचला किनाऱ्यावर गेलो, तर अख्खं गाव पाण्यात! आजोबा, आज्या, पोरं — ऑफिसला जायच्या आधी समुद्रात डुंबून घेतात. सगळं धुरकट, मऊ. पाणी कुठे संपतं ते कळतच नव्हतं. मग त्यातूनच सूर्य वर आला.

आई म्हणाल्या, "अलिबागला हा बुडताना पाहिला होता. म्हणजे आपण पलीकडच्या अंगाला आलो."

सलवार गुडघ्यापर्यंत खोचून लाटेत उभ्या राहिल्या. मी हाक मारली, तर ऐकू आलं नाही. की येऊ दिलं नाही.

१० फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं! आईंना चहाची तलफ आली. खानावळीत वाढणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "चाय." तिचा चेहरा खुलला. आणून काय दिलं — टोफू घातलेलं, वाफाळतं नूडल्सचं वाडगं! इथे 'चाय' म्हणजे शाकाहारी. आईंनी सगळं संपवलं. "चहापेक्षा बरं," म्हणाल्या.

आता कुठेही गेलो की ऐटीत "चाय!"

११ फेब्रुवारी, होई आन

पिवळ्या भिंतींचं गाव. एका शिंपीणबाईने सकाळी माप घेतलं, संध्याकाळी आईंचा कुर्ता तयार. दोघी खाणाखुणांनी अर्धा तास बोलत होत्या, काय ते त्यांनाच ठाऊक.

दिवेलागणीला नदीत होडी घेतली. वर रंगीत कंदील, खाली त्यांचेच रंग हलत होते. वल्हवणाऱ्या बाईने दोघींच्या हातात कागदाचा एकेक दिवा दिला. पाण्यात सोडायचा आणि मनात काही मागायचं.

आई दिवा धरून म्हणाल्या, "तुझं नि आशिषचं सुरळीत होऊ दे, हेच मागते."

म्हणजे त्यांना दिसत होतं! मला राहवलं नाही. भर नदीत सांगून टाकलं. खोलीचंही.

"कधी ठरलं?"

"दिवाळीत."

"मग मला इथे कशाला आणलंस?"

"तुमच्याबरोबर यायचं होतं, आई."

त्यांनी दिवा पाण्यात सोडला. काही मागितलं का, माहीत नाही.

१२ फेब्रुवारी

एक शब्द नाही.

१३ फेब्रुवारी

संगमरवराच्या डोंगरावर गेलो. खूप पायऱ्या. मी म्हटलं, राहू द्या. त्या चढत राहिल्या. वर गुहा आहे, तिच्या छताला भोक — उजेडाचा एक झोत उदबत्तीच्या धुरातून खाली उतरत होता. आई त्यात जाऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस नुसते चमकत होते.

तिथेच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आशिषच्या बाबांशी मी चाळीस वर्षांत भाजी काय करू यापलीकडे बोलले नाही. कुणाला कळलंही नाही."

मी त्यांचा हात धरला. खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

१६ फेब्रुवारी, भोपाळ

घर. आई शेजारच्या मंदाकिनीताईंना समुद्र सांगतायत — हातवारे करून! मी आत उभी राहून ऐकत होते. आशिषला म्हटलं, "आईंना सगळं सांगितलंय." तो म्हणाला, "बरं केलंस."

१ मार्च

दोन बॅगा, एक गादी, शेगडी. आशिषने रिक्षात सामान चढवून दिलं. आई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. दारावर टकटक केली — उत्तर नाही. वाटभर रडले.

४ मार्च

ऑफिसातून आले तर माझ्या दाराशी, बॅग घेऊन, आई!

"आशिषला सांगून आलेय. रविवारी त्याच्याकडे जाईन."

"आई, खोली एकच आहे."

"हॉटेलात तरी कुठे दोन होत्या?"