तारेसाठी खणलेला चर

प्रिय ओपियो,

नैरोबीहून तू पाठवलेलं खोकं पोचलं. पाच स्पीकर आणि घुमणारा मोठा डबा, सगळं धड आहे. आई म्हणाली, "पोरगा येत नाही, नुसता आवाज पाठवतो." मला हसू आलं नाही. हल्ली माझं चित्तच थाऱ्यावर नाही. हे पत्रसुद्धा बाजारातल्या माझ्या दुकानात उभ्याउभ्याच लिहितोय. रेडिओ उघडून ठेवतो आणि समोर मासळी घेऊन बसलेल्या अपोंडीकडे बघत राहतो. गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा भानावर येतो.

खोक्यातली तार शहरातल्या खोलीपुरतीच होती. पुढचे स्पीकर टीव्हीपाशी बसले, पण मागच्या दोन्हींची तार बाबांच्या खुर्चीपर्यंतही पोचेना. त्यात बाबांचा हुकूम सुटला, "मागचे दोन बाहेर आंब्याखाली ने. सामन्याला अर्धा गाव येतो, सगळे काय माझ्या मांडीवर बसणार?" तो आंबा फाटकाच्या डावीकडचा, म्हणजे माझ्या घरासाठी राखलेल्या जागेतला. उजवीकडची तुझी जागा रिकामीच आहे, तिथे आईने भुईमूग लावलाय.

तार वाढवणं अवघड नव्हतं. दुकानातली जाड दुपदरी तार घेतली, टोकं सोलली, तांब्याला तांबं पीळ देऊन जोडलं, वर चिकटपट्टी लावली. लाल रेघेची तार लाल रेघेच्याच तारेला जोडायची. एवढं चुकलं तर दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खातात आणि समालोचक विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. जोडताना आपलं लहानपण आठवलं. आपण जुळे, ताट एकच, पण तू आधी जन्मलास म्हणून पहिला घास तुझा. मी आधी हात घातला की न्याबेरा आत्या चापट मारायची. तू म्हणायचास, "थांब, मी चावतोय," आणि मुद्दाम सावकाश चावायचास. लबाडा, अजून चावतोच आहेस!

तार उघड्यावर टाकली तर शेळ्यांनी चघळली असती, म्हणून ती जुन्या पाइपात ओवून जमिनीत पुरायचं ठरवलं. भिंतीपासून आंब्यापर्यंत दोरी ताणली आणि चर खणायला लागलो. वाटेत मोठा दगड लागला, म्हणून काटकोनात वळलो. तिथेच घात झाला. आत्या सरपण घेऊन येत होती. तिने दोरी पाहिली, काटकोन पाहिला, आणि मोळी टाकून बोंब ठोकली, "धावा रे! हा थोरल्याच्या आधी पाया खणतोय! भावाच्या जिवावर उठलाय मेला!"

सगळा शेजार गोळा झाला. बाबा काठी उगारून आले. थोरल्याचं घर उभं राहण्याआधी धाकट्याने पाया घातला तर थोरल्याचं आयुष्य तुटतं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तार दाखवली, पाइप दाखवला, शेवटी स्पीकर डोक्यावर घेऊन उभा राहिलो. आत्याचं आपलं एकच, "तारेला कोपरा कशाला लागतो रे?" बाबांनी वाकून चरात हात घातला, तार चाचपली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मी "पाया नाही, पाया नाही" म्हणून ओरडत होतो, आणि हा पाया असता तर किती बरं झालं असतं, असं मनात येत होतं. तुझा इतका राग आला, ओपियो, की रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सामना रंगला. आंब्याखाली आवाज खणखणीत होता, आत्या तर सगळ्यांत पुढे बसली. माझं काही लक्ष लागेना, फाटकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. माणसं पांगल्यावर चर बुजवायला कुदळ उचलली, तर बाबांनी काठी आडवी धरली. "राहू दे उघडा," म्हणाले. "ओपियो आला की बघू." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. आईने त्यांना सांगितलं असणार.

आता तुलाही सांगतो. अपोंडीला दिवस गेलेत. तिचे भाऊ येऊन दम देऊन गेले. आता घर दाखवलं नाही तर ते तिला सरहद्दीपलीकडे मावशीकडे नेऊन ठेवणार आहेत. तिला आणायला माझ्याकडे छप्पर नाही, आणि ते घालायची मोकळीक फक्त तुझ्या हातात आहे. मोठं घर बांधू नकोस. चार भिंती, पत्रे, एक दार. पहिला खांब बाबा रोवतील, बाकीचं आपण दोघं मिळून दिवसभरात उभं करू. एक रात्र त्यात झोप आणि मग खुशाल नैरोबीला जा. भुईमूग आई काढून घेईल, मी विचारलंय तिला. तुझ्याआधी मी घास घेतला नाही आणि आताही घेणार नाही. पण ताटावर आता आम्ही तिघं ताटकळत बसलोय. लवकर चाव, भाऊ.

तुझाच, तुझ्या पाठोपाठ आलेला,
ओडोंगो